रूळ संपायचे ते आपटा

संपादकांना हवं होतं सिनेमातलं स्टेशन. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या शेवटी सिमरन ज्या फलाटावरून धावते तो पंजाबातला नव्हे, आपल्या पनवेल तालुक्यातल्या आपट्याचा. १९९५ पासून आपट्याची ओळख तीच. मुंबईजवळ, भोवती डोंगर, गाड्या मोजक्या. शूटिंगवाल्यांना आणखी काय हवं?

मला मात्र त्याआधीचा आपटा जास्त खुणावतो. दिव्याहून पनवेलमार्गे निघालेला रूळ १९६६ साली इथे पोचला आणि थांबला. रसायनीच्या कारखान्यांची सोय झाली होती. पुढच्या कोकणाची घाई कुणाला नव्हती. नाथ पै, मग मधु दंडवते कोकण रेल्वेसाठी भांडत राहिले. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्रीही होते. तरी गाडी रोह्याला जायला १९८६ उजाडलं. वीस वर्षं आपटा म्हणजे शेवटचं स्टेशन.

शेवटच्या स्टेशनात गाडी थांबली की प्रवाशांचं काम संपतं, रेल्वेचं सुरू होतं. इंजिनाचं तोंड कोकणाकडे, जायचं दिव्याला. मग बफरांमध्ये वाकून कपलिंग सोडायचं, ब्रेकचे पाइप काढायचे, इंजिन काट्यापलीकडे न्यायचं. काटा फिरवून लूप लाइनने ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणायचं आणि हा सगळा खटाटोप उलट्या क्रमाने पुन्हा करायचा. डबे बेताने धडकले पाहिजेत, कारण जोडणारा माणूस मधेच उभा! पडद्यावरच्या त्या धावण्यापेक्षा मला यात जास्त थरार दिसतो. दिवा-पेण मेमूला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन आहे, त्यामुळे हे कसब तिच्यापुरतं तरी निकालात निघालं.

गावाजवळून पाताळगंगा वाहते. खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी घेऊन ती धरमतर खाडीला मिळते आणि ते पाणी करंजा-रेवस यांच्या मधून समुद्रात जातं. नदीच्या त्या टोकाच्या करंजाला अजून स्वतःचं स्टेशन नाही. जवळच्या उरणला लोकल आली तीच जानेवारी २०२४ मध्ये. आपट्याला रूळ साठ वर्षांपूर्वी मिळाले, पण लोकल अजून पनवेलहून पुढे सरकलेली नाही.

आता इथे दुहेरी मार्ग आहे, विजेच्या तारा आहेत. जुन्या फ्रेमसाठी हळहळणारे भेटतात. मला त्यांचं फारसं पटत नाही. मार्ग दुप्पट झाला, त्या प्रमाणात आपट्याला थांबणाऱ्या गाड्या वाढल्या का, हे कुणी विचारत नाही. गणपतीत कोकणच्या खच्चून भरलेल्या गाड्या इथून न थांबता जातात, आणि त्यांना वाट द्यायची वेळ आली की पॅसेंजरनेच लूपमध्ये ताटकळायचं. पनवेलला नोकरी करणाऱ्याची गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघत बसण्यापेक्षा तो एसटी किंवा रिक्षा गाठतो. चित्रीकरणासाठी रेल्वे रीतसर शुल्क घेते. त्याला हरकत नाही. पण सिनेमावाल्यांसाठी हे स्टेशन जपायच्या गप्पा निघतात, तेव्हा संध्याकाळी पनवेलहून सुटणारी आणखी एक मेमू आधी मागावी.