ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगची निगा

ट्रॅक्टरचे स्टिअरिंग हलके चालू लागल्यापासून चालकाचे श्रम पुष्कळच कमी झाले आहेत. पूर्वी नांगरटीत प्रत्येक तासाच्या शेवटी ट्रॅक्टर वळविताना दंड भरून येत. आता तेच काम एका हाताने होते. तेलाच्या दाबाने स्टिअरिंगला साहाय्य देण्याची ही युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२० ते १९३० या दशकात मोटारींसाठी सिद्ध केली. विक्रीच्या मोटारीत ती प्रथम १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीतून आली. आता ती शेतावरच्या ट्रॅक्टरपर्यंत पोहोचली आहे. परंतु जे यंत्र हाताला सुख देते ते आपले दुखणे सहसा लपवूनही ठेवते. म्हणून या साधनाची निगा कशी राखावी, हे प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने व चालकाने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रचना व कार्य

साध्या स्टिअरिंगमध्ये चाकापासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडी दांडे व दाते यांची सलग साखळी असते. अनेक नव्या ट्रॅक्टरांत मात्र ही साखळी नसते. तिचे काम तेल करते. इंजिनावर चालणारा पंप टाकीतील तेल दाबाने स्टिअरिंगच्या खाली बसविलेल्या झडपसंचाकडे पाठवितो. चालक ज्या बाजूस स्टिअरिंग फिरवील, त्या बाजूची वाट उघडते आणि नळीतून गेलेले तेल पुढच्या आसाजवळील सिलिंडरचा दट्ट्या ढकलते. त्यामुळे चाके वळतात.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, इंजिन थांबले की पंप थांबतो. त्या वेळी झडपसंच हातपंपासारखा चालतो व चाके वळविता येतात, पण फार जोर लावावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तेलच गळून गेले असेल तर हातपंपाला ढकलावयास काहीच उरत नाही. स्टिअरिंग फिरते, परंतु चाके वळत नाहीत. उसाने भरलेली ट्रॉली मागे असताना असा प्रसंग आला तर चालकाचाच नव्हे, रस्त्यावरील इतरांचाही जीव धोक्यात येतो.

तेलाची तपासणी

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, पुढची चाके सरळ ठेवावी व इंजिन बंद करावे. टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ प्रथम कापडाने पुसून घ्यावी, कारण झाकण उघडताना आत पडलेली चिमूटभर मातीही पंपास व झडपांस ओरखडे पाडते. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. काही ट्रॅक्टरांत स्टिअरिंगची टाकी वेगळी असते, तर काहींत तेच तेल हायड्रॉलिक लिफ्टलाही पुरविले जाते. आपल्या यंत्राची पद्धत माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी आणि त्यात सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे. ब्रेकचे तेल यात कदापि घालू नये. त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

तेलाचे रूपही पाहावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजावे. काळे पडून जळका वास येत असल्यास ते अतिशय तापले आहे. फेस दिसल्यास कोठून तरी हवा आत जात आहे. तेल व फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर न चुकता बदलावे.

गळतीचा शोध

बंद वाटेने फिरणारे तेल आपोआप संपत नसते. ते वारंवार कमी होत असेल तर वरून भर घालीत राहणे हा उपाय नव्हे. गळती शोधलीच पाहिजे. नळ्यांचे सांधे, सिलिंडरच्या दांड्याचे सील व पंपाची बैठक या जागा पुसून कोरड्या कराव्या आणि थोड्या कामानंतर पुन्हा पाहाव्या. भेगा पडलेली, फुगलेली अथवा पत्र्याला घासणारी नळी तत्काळ बदलावी.

इंजिन चालू असताना नळीवरून उघडा हात कधीही फिरवू नये. बारीक छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसली, तरी विलंब न लावता रुग्णालय गाठावे, नाहीतर हात गमावण्याची वेळ येऊ शकते. शोधासाठी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. तेल असेल तर त्यावर डाग उमटतो.

लक्षणे व कारणे

स्टिअरिंग फिरविताना पंप कण्हल्यासारखा आवाज करू लागला तर तेल कमी आहे किंवा त्यात हवा आहे. स्टिअरिंग हिसके देत असेल तर हवेचाच संशय घ्यावा. हवा काढण्यासाठी पुढचा आस उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावे, इंजिन सावकाश चालवावे व स्टिअरिंग दोन्ही बाजूंस हळूहळू फिरवावे. बुडबुडे थांबेपर्यंत मधून मधून तेलाची भर करावी.

प्रत्येक जडपणाचा दोष मात्र पॉवर स्टिअरिंगला देऊ नये. पुढच्या टायरांत हवा कमी असणे, किंगपिनला ग्रीस न मिळणे, टायरॉडचे सांधे झिजणे ही कारणेही तितकीच नेहमीची आहेत. किंबहुना तेलाच्या जोरामुळे हे दोष चालकाच्या हाताला जाणवत नाहीत व झीज वाढत जाते. यास्तव आठवड्यातून एकदा एकाने स्टिअरिंग किंचित हलवावे व दुसऱ्याने बाजूला उभे राहून सांध्यांतील ढिलाई पाहावी.

चालकाने पाळावयाची पथ्ये

स्टिअरिंग एका टोकाला नेऊन दाबून धरू नये. त्या वेळी दाब कमाल होतो व तेल झपाट्याने तापते. उतारावर डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करण्याची सवय तर सर्वथा सोडावी. वाचलेल्या डिझेलच्या किमतीत स्टिअरिंगचे साहाय्य व इंजिनाची रोधशक्ती ही दोन्ही गमावली जातात. ट्रॉलीचा भार मर्यादेबाहेर असल्यास चढावर पुढची चाके जमीन सोडतात. मग स्टिअरिंग कितीही निर्दोष असले तरी निरुपयोगी ठरते.

उसाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसेवकांनी गावातील ट्रॅक्टरचालकांना एकत्र बोलावून ही तपासणी एका ट्रॅक्टरवर प्रत्यक्ष करून दाखवावी. त्यासाठी एक स्वच्छ कापड, पुठ्ठ्याचा तुकडा व यंत्राची माहितीपुस्तिका एवढे साहित्य पुरे होते. सकाळी कामास निघण्यापूर्वी दिलेली पाच मिनिटे भरल्या ट्रॉलीसह रस्त्यावर होणारा अनर्थ टाळू शकतात.