खडीवाटेची सायकल घडवताना

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता आता रुंद आणि गुळगुळीत झाला आहे. मात्र अंजनेरीच्या पायथ्याशी किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला मुख्य रस्ता सोडून थोडे आत शिरले, की डांबर संपते आणि मुरूम सुरू होतो. द्राक्षबागांमधून जाणाऱ्या शिवाररस्त्यांची आणि कालव्याच्या कडेने धावणाऱ्या वाटांचीही हीच तऱ्हा. शर्यतीच्या सायकलचे पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचे अरुंद टायर तिथे घसरतात आणि कापले जातात. डोंगरी सायकल या वाटा सहज पार करते, पण शहरापासून तिथवरच्या वीस-तीस किलोमीटर डांबरावर ती जड वाटते. या दोहोंमधली जागा गेल्या काही वर्षांत 'ग्रॅव्हल बाइक'ने घेतली आहे. वाकडे, खाली वळलेले हँडल, डिस्क ब्रेक आणि चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे टायर ही तिची ओळख.

प्रकार नवा वाटला तरी कल्पना तेवढी नवी नाही. दूधवाले, पोस्टमन आणि शाळामास्तर यांनी ग्रामीण महाराष्ट्रात अर्धशतकभर जी काळी, उंच सायकल चालवली, तिच्या टायरची रुंदी दीड इंच, म्हणजे जवळपास तेवढीच होती. कच्च्या रस्त्यावर रुंद टायर आणि कमी हवा लागते, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही. फरक वजनाचा आहे. ती सायकल वीस किलोच्या आसपास भरत असे. कार्बनच्या सांगाड्यावर उभारलेली ग्रॅव्हल बाइक नऊ-दहा किलोंत बसते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली खडीच्या रस्त्यांवरची दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली आणि तिच्यासोबत हा सायकलप्रकार वाढत गेला. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

नाशिकमध्ये हा विषय रुजण्यास पार्श्वभूमी आहे. येथील डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये त्या वेळी नाशिकला असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. आषाढीपूर्वी निघणारी नाशिक-पंढरपूर सायकलवारी तर घराघरांत ठाऊक आहे. अशा शहरात तयार सायकल विकत घेण्याऐवजी सुटा कार्बन सांगाडा मागवून त्यावर आपल्या पसंतीचे भाग चढवावेत, अशी इच्छा काहींना होणे स्वाभाविक आहे. पैसे वाचतील, या आशेने मात्र कोणी त्यात पडू नये. सुटे भाग एकेक करून घेताना, सीमाशुल्क आणि वस्तू-सेवा कर धरता, हिशेब लाखाच्या पुढे सहज जातो. मिळते ते एवढेच, की सायकल आपल्या शरीराला आणि आपल्या रस्त्यांना बेतलेली असते.

कार्बन म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतलेले बरे. केसापेक्षा कितीतरी बारीक, पाच ते सात मायक्रॉन जाडीच्या धाग्यांचे पट्टे इपॉक्सीत भिजवलेले असतात. त्यांचे शेकडो तुकडे ठरलेल्या दिशांनी साच्यात हाताने रचले जातात आणि उष्णता व दाब देऊन ते घट्ट केले जातात. धागा ज्या दिशेला धावतो त्या दिशेला ताकद. आडव्या दिशेला फारशी नाही. त्यामुळे दोन सांगाडे बाहेरून जुळ्या भावंडांसारखे दिसले, तरी आतली रचना वेगळी असू शकते आणि रंग चढल्यावर ती डोळ्यांना कळत नाही. पोलाद वाकून सूचना देते, गल्लीतल्या वेल्डरकडे ते जोडताही येते. कार्बन मात्र बरेचदा आधी काहीच न कळवता तुटतो. उतारावर पुढचा चिमटा तुटला तर काय होईल, याची कल्पना केली तरी पुरे. म्हणून नामांकित कंपनीचे नाव छापलेला, पण विक्रेत्याचा पत्ता नसलेला स्वस्त सांगाडा ही काटकसर नव्हे. 'आयएसओ ४२१०' या सुरक्षा मानकानुसार चाचणी झालेला, क्रमांक असलेला आणि हमी देणाऱ्याकडून आलेलाच सांगाडा घ्यावा. इतर ठिकाणी पैसे कमी करता येतात, इथे नाही.

सांगाडा निवडताना रंगाआधी माप पाहावे. जुन्या पद्धतीने केवळ सीटच्या नळीची लांबी मोजून भागत नाही. पॅडलच्या मध्यापासून हँडलची नळी किती उंच आहे आणि किती पुढे आहे, हे दोन आकडे महत्त्वाचे. विक्रेते त्यांना 'स्टॅक' आणि 'रीच' म्हणतात. सीटच्या उंचीसाठी एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे. अनवाणी उभे राहून जमिनीपासून जांघेपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. ८० सेंटिमीटर अंतर असेल, तर पॅडलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ७०.६ सेंटिमीटर येतात. ही सुरुवात समजावी. पुढे गुडघे आणि कंबर सांगतील तसा फरक करावा लागतो.

नाशिक परिसरासाठी आणखी एक माप डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, ते म्हणजे टायर आणि सांगाडा यांमधली मोकळी जागा. पावसाळ्यात निफाड-दिंडोरीकडची काळी माती चाकाला लोण्यासारखी चिकटते, पण तिच्यातले वाळूचे कण सांगाड्याला कानशीप्रमाणे घासतात. कार्बन असा घासला जाणे ही दिखाऊ इजा नव्हे. धागेच कापले जातात. टायरच्या दोन्ही बाजूंना किमान पाच-सहा मिलिमीटर जागा राहील असाच सांगाडा घ्यावा आणि आतल्या बाजूला जाड पारदर्शक पट्टी चिकटवावी. इतके करूनही जुलैतल्या काळ्या रानात सायकल खांद्यावर घेणेच शहाणपणाचे ठरते.

पॅडलचा आस ज्यात बसतो, त्या जागेचे बाजारात डझनभर प्रकार आहेत. ठोकून बसणारे बेअरिंग कागदावर हलके असते. पण भोकाचे माप किंचित चुकले, की प्रत्येक पॅडलला करकर सुरू होते आणि पाऊस व धूळ यांत ती वाढतच जाते. आट्यांचा, म्हणजे पान्ह्याने फिरवून बसवायचा प्रकार असलेला सांगाडा मिळत असेल तर तोच घ्यावा. मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा सायकल आडवी पडली तरी वाकतो आणि तो सांगाड्यागणिक वेगळा असतो. २०१९ मध्ये आलेल्या 'यूडीएच' या सामायिक मापाचा सांगाडा असेल तर पुढे शोधाशोध टळते. नसेल तर सांगाड्यासोबतच दोन जादा तुकडे मागवावेत.

गिअरचा विषय चर्चेत फार लांबतो, प्रत्यक्षात तो साध्या भागाकाराचा आहे. चाळीस मिलिमीटर टायरच्या मोठ्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर भरतो. पुढे ३० दात आणि मागे ३४ दात असतील, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल १.९४ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सात किलोमीटर, म्हणजे सप्तशृंगगडाच्या चढावर दम राखून चालण्याजोगा वेग. तीच सायकल ४६ आणि ११ दातांवर आणून मिनिटाला नव्वद फेरे मारले, तर वेग ताशी पन्नासच्या जवळ जातो. पुढे एकच चक्र ठेवण्याची पद्धतही लोकप्रिय आहे; चिखलात अडकणारा एक भाग त्याने कमी होतो. परंतु सपाट डांबर आणि घाट दोन्ही एकाच फेरीत येणाऱ्या या भागात दोन चक्रे अधिक उपयोगी वाटतात. काही सांगाड्यांवर पुढचा गिअर बसवायची सोयच नसते, हे पैसे देण्याआधी पाहावे.

ब्रेकच्या बाबतीत एक गोष्ट परदेशी चित्रफिती पाहून सायकल जोडणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटते. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, मोटारसायकललाही तसाच. अमेरिकेत आणि युरोपात बहुतेक ठिकाणी तो डावीकडे असतो. तेलाच्या नळ्या सांगाड्याच्या आतून ओवायच्या असल्यामुळे हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. अचानक समोर ट्रॅक्टर आला, की विचार करायला वेळ नसतो, हात सवयीने दाबला जातो. शिमानोच्या ब्रेकमध्ये खनिज तेल चालते. वाहनांच्या दुकानात मिळणारे डॉट तेल त्यात घातले तर आतले रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

जोडणीतला सर्वांत नाजूक क्षण चिमट्याची नळी कापण्याचा. ती लांब येते आणि हँडलच्या उंचीनुसार कापावी लागते. एकदा कापली की परत लांब होत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात दोन-तीन जादा कड्या ठेवून सायकल चालवावी, उंची पक्की झाल्यावरच करवत लावावी. कार्बनसाठीचे बारीक दातांचे पाते, थोडे पाणी आणि तोंडावर चांगला मास्क आवश्यक. ती भुकटी फुप्फुसात जाणे वाईट. नळीच्या आत ठोकायचा लोखंडी तारा कार्बनला चिरतो, त्याऐवजी आतून फुगणारा प्लग वापरतात.

गल्लीतला अनुभवी कारागीर हाताच्या अंदाजाने नट आवळतो आणि लोखंडी सायकलवर तो अंदाज सहसा चुकत नाही. कार्बनवर तो चालत नाही. हँडलचे बोल्ट साधारणपणे पाच न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे असतात. नेमका आकडा बहुधा भागावरच छापलेला असतो आणि तो टॉर्क रेंचनेच गाठावा. सीटचा दांडा निसटतो म्हणून जास्त आवळण्याऐवजी कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावतात. अॅल्युमिनियमचा दांडा कोरडाच कार्बनच्या नळीत ठेवला, तर घाम आणि पावसाच्या पाण्याने दोहोंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते, अॅल्युमिनियम गंजते आणि दांडा कायमचा अडकतो. नाशिकसारख्या चार महिने ओल्या हवेच्या गावात दर दोन-तीन महिन्यांनी तो बाहेर काढून पुसणे इष्ट.

टायर ट्यूबलेस असावेत, कारण इथला खरा शत्रू खडी नसून बाभळीचा काटा आहे. आतला द्रव छोटे छिद्र क्षणात बुजवतो. मात्र एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो आणि पुन्हा भरावा लागतो. सत्तर किलोच्या चालकाला चाळीस मिलिमीटर टायरमध्ये तीस ते चाळीस पीएसआय हवा पुरते. पेट्रोलपंपावर अंदाजाने ठासून भरलेली हवा सगळा खटाटोप वाया घालवते.

सायकल उभी राहिली, की लगेच कसाऱ्याचा घाट गाठण्याचा मोह अनेकांना होतो. नव्या डिस्कना घासून पकड येण्यासाठी सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीस-तीस वेळा हळूहळू थांबावे लागते. तोवर ब्रेक अर्धेच लागतात. गंगापूर धरणापर्यंतच्या एक-दोन फेऱ्या त्यासाठी पुरेशा आहेत. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा रेंचने तपासावा, चिमट्यावर आणि पॅडलच्या वरच्या नळीवर ओल्या फडक्याने हात फिरवून बारीक भेग आहे का ते पाहावे. घाट त्यानंतरच्या रविवारी.