कार्यालयीन आज्ञावलींची मार्गदर्शक पुस्तके : मूल्यमापनाच्या काही कसोट्या

पुणे शहराच्या पश्चिमेस, बाणेर व पाषाण यांच्या पलीकडे वसलेले मुळशी तालुक्यातील सूस हे गाव २०२१ च्या जूनअखेरीस इतर बावीस गावांसह पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. हद्दी बदलल्या की गावनिहाय याद्या पुन्हा जुळवाव्या लागतात. एक्सेलच्या तक्त्यातून सूसच्या नोंदी मोजणारी एक छोटी आज्ञावली एखाद्या कार्यालयात व्हीबीए भाषेत लिहिली जाते, अशी कल्पना करावी. गावाच्या रकान्यात ‘सूस’ असेल ती ओळ मोजावयाची, एवढेच तिचे कार्य. पुस्तकातील नमुना तंतोतंत पाळलेला असतो. आज्ञावली विनातक्रार चालते. आणि उत्तर मात्र शून्य येते.

याचे कारण असे की, एक्सेलचा तक्ता युनिकोड जाणतो, परंतु व्हीबीएचा संपादक आपला मजकूर विंडोजच्या जुन्या संकेत-सारणीनुसार साठवितो. रशियन वा जपानी लिपींसाठी अशा सारण्या आहेत, देवनागरीसाठी नाही. त्यामुळे सामान्यतः टंकलिखित ‘सूस’च्या जागी तीन प्रश्नचिन्हे उरतात, आणि तुलना कधीच जुळत नाही. यावर उपाय दोन. गावाचे नाव तक्त्यातील एका सेलमध्ये लिहून तेथून वाचावे. अथवा २३६०, २३७० व २३६० या अक्षर-क्रमांकांवरून ते घडवावे. पहिला उपाय अधिक सुबोध होय. ज्या पुस्तकाचा लेखक केवळ इंग्रजी मजकुरावर प्रयोग करतो, त्यास ही अडचण भेटतच नाही. तेव्हा मराठी कार्यालयासाठी पुस्तक निवडताना ते सामान्यतः चांगले आहे काय, एवढेच विचारून भागत नाही; येथील कामास ते पुरे पडते काय, हे पाहावे लागते.

या पुस्तकांचा वाचकही निराळा असतो. १९९३ साली एक्सेलमध्ये व्हीबीए आली आणि ऑफिस ९७ पासून ती वर्ड व पॉवरपॉइंटमध्येही पसरली. तेव्हापासून हिशेबनीस, लिपिक, संशोधन-सहायक अशी माणसे आज्ञावल्या लिहू लागली. हिंजवडीतील एखाद्या संगणक-कंपनीत लिहिलेली आज्ञावली सहसा दुसऱ्याकडून तपासली जाते. कार्यालयातील एकट्याच्या आज्ञावलीस पुस्तक हाच बहुधा एकमेव परीक्षक असतो. म्हणून पुस्तकातील दोष सरळ हिशेबात उतरतो.

पहिली कसोटी अंकांची. व्हीबीएचे राउंड हे फंक्शन २.५ चे २ करते, कारण बरोबर अर्धा उरल्यास ते जवळच्या सम संख्येकडे वळते. तक्त्यातील त्याच नावाचे सूत्र मात्र ३ देते. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. तथापि त्यांतील भेद जे पुस्तक सांगत नाही, त्याच्या वाचकाची बेरीज तक्त्याशी जुळेनाशी होते आणि कारण सापडत नाही.

दुसरी कसोटी मर्यादांची. इंटिजर प्रकारच्या चलात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एक्सेलच्या तक्त्यात २००७ पूर्वी ६५,५३६ ओळी होत्या, त्या आवृत्तीपासून १०,४८,५७६ झाल्या. म्हणजे ओळक्रमांकासाठी इंटिजर वापरणे जुन्या काळीही धोक्याचे होते. लाँग हा प्रकारच हवा.

तिसरी कसोटी चुकांच्या हाताळणीची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होय. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ चूक दुरुस्त करीत नाही, केवळ तिची वाच्यता थांबविते. वरील इंटिजरचा ओळक्रमांक या ओळीच्या छायेत वाढविला, तर तो ३२,७६७ वर अडकतो आणि पुढील प्रत्येक नोंद त्याच ओळीवर, आधीची पुसून, लिहिली जाते. आज्ञावली थांबली असती तर दोष त्याच क्षणी उघड झाला असता. जे पुस्तक ही ओळ मर्यादा न सांगता वापरते, ते दिसणाऱ्या चुकीचे न दिसणाऱ्या चुकीत रूपांतर करावयास शिकविते.

चौथी कसोटी स्थानिक व्यवहाराची. व्हीबीएत थेट लिहिलेली तारीख महिना आधी व दिवस नंतर अशी वाचली जाते. भारतीय वाचकास ३ एप्रिल वाटणारी तारीख तेथे ४ मार्च ठरते. तिमाही काढणारे फंक्शन जानेवारी ते मार्च ही पहिली तिमाही मानते. येथील आर्थिक वर्षात ती चौथी असते. ‘सूस’ची लांबी मोजल्यास तीन येते, कारण ऊकाराची मात्रा स्वतंत्र गणली जाते, डावीकडील एक अक्षर मागितल्यास ‘सू’ न मिळता नुसता ‘स’ हाती येतो. नावांची आद्याक्षरे काढणाऱ्या कार्यालयास हे ठाऊक असलेच पाहिजे.

पाचवी कसोटी सुरक्षिततेची. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो ऑफिसमध्ये मुळातच रोखून धरले जातात. ‘सर्व मॅक्रोंना परवानगी द्यावी’ एवढाच सल्ला देणारे पुस्तक वाचकाचा अडथळा दूर करते, पण संरक्षणही काढून घेते.

या कसोट्या लावण्यास संपूर्ण ग्रंथ वाचावा लागत नाही. सूची पाहून पूर्णांकन, ओळक्रमांक, चुका, तारखा व युनिकोड ही पाच स्थळे काढावीत आणि तेथील नमुने देवनागरी नावे असलेल्या खऱ्या यादीवर चालवून पाहावेत. पृष्ठसंख्या, चित्रांची विपुलता अथवा आवृत्तीचे नावीन्य यांवरून हा निर्णय होत नाही. सर्व स्थळी उत्तीर्ण होणारे पुस्तक दुर्मीळच. म्हणून अभ्यासक्रमात पुस्तक नेमताना त्यातील उणिवांचे एक पान अध्यापकाने जोडून द्यावे, हे श्रेयस्कर. सूसच्या नोंदी शून्य आल्या तर त्या गावात कोणी राहत नाही असे अनुमान न काढता आज्ञावलीकडे संशयाने पाहणारा विद्यार्थी घडविणे, हेच अशा पुस्तकाचे खरे प्रयोजन होय.