‘धाप’ आणि ‘दाखविणे’ : श्वसनविकारांच्या पाहणीतील भाषेचा प्रश्न

खेड्यापाड्यांतून श्वसनविकार किती होतात व त्यांवर उपचारासाठी लोक कोणाकडे जातात, याची मोजदाद हा वैद्यकाचा विषय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असे वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घरोघरच्या पाहणीत स्टेथॉस्कोप नसतो. तेथे असतो तो प्रश्न, आणि प्रश्न हा शब्दांचा बनलेला असतो.

१९९२-९३ पासून होत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे उदाहरण घेऊ. मुलाला गेल्या दोन आठवड्यांत खोकला झाला होता काय, त्या वेळी श्वास जलद चालत होता काय, आणि तो त्रास छातीचा होता की नाक चोंदल्यामुळे, असे आईला विचारले जाते. आता ‘श्वास जलद चालणे’ हा प्रयोग पुस्तकी आहे. आई म्हणते, ‘धाप लागली’, ‘दम लागला’, ‘छाती भरली’ किंवा ‘पोट उडतंय’. हे शब्द समानार्थी नव्हेत. धाप धावल्यानेही लागते. ‘दम’ म्हटले की शेजारी ‘दमा’ उभा राहतो, आणि तो जुनाट विकार होय. ‘पोट उडणे’ मात्र फार मोलाचे आहे, कारण श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे या गंभीर लक्षणाच्या सर्वांत निकट तेच येते. प्रश्नावली करणाऱ्यास हा भेद ठाऊक नसेल, तर आजारी मूल नोंदीतून निसटते.

त्याची किंमत काय, हे गडचिरोलीच्या प्रयोगावरून कळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे गावातील आरोग्यसेवक व सुइणी यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते; तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. निदानाची कसोटी श्वासांच्या संख्येची : दोन महिन्यांखालील बालकास मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक. पण निरक्षर सुइणीने पन्नासपर्यंत मोजावे कसे? त्यासाठी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ व मणी असे साधन केले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. येथे शब्दाची अडचणच उरली नाही, हे आमच्यासारख्यांनी थोड्या खेदाने मान्य केले पाहिजे.

घरोघरच्या पाहणीत मात्र शब्द टाळता येत नाही. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात मांगेली, वाडवळी, वारली अशा बोली शेजारी नांदतात. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वाडवळी व वारली यांचे नमुने आहेत; तथापि दुखण्याखुपण्याचा शब्दसंग्रह हे त्या सर्वेक्षणाचे उद्दिष्ट नव्हते. घिवलीसारख्या समुद्रकाठच्या गावी आणखी एक सोय आहे. ‘गेले दोन आठवडे’ हा काळ मासेमारी करणाऱ्या घराला परका. पण एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंतचे अंतर जवळजवळ तेवढेच, पावणेपंधरा दिवसांचे असते. ‘मागच्या उधाणापासून पोराला खोकला होता का?’ असे विचारल्यास स्मरणाला आधार मिळेल, असे मला वाटते.

उपचारासंबंधीचे प्रश्न अधिक निसरडे आहेत. ‘मुलाला दाखवलं का?’ याचे उत्तर ‘हो’ आले, तरी दाखविले ते प्राथमिक आरोग्य केंद्रात, खाजगी डॉक्टरास की भगताला, हे क्रियापद सांगत नाही. ‘औषध केलं’ यात काढाही येतो आणि दुकानातून आणलेली बाटलीही. आणि ‘बाहेर कुठे उपचार घेतला का?’ असे विचारणाऱ्या तरुण पाहणीकारास हे सांगून ठेवावे की, अनेक घरांत ‘बाहेरचं’ या शब्दाचा अर्थ भूतबाधा असा होतो. आई गप्प बसेल, आणि कागदावर ‘उपचार घेतला नाही’ अशी नोंद होईल.