शेतकऱ्यानें आतां कोणतें पुस्तक वाचावें?

आमच्या सोसायटीचे जे सभासद-बंधु मासिक नियमानें वाचतात, त्यांच्याकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानीं येतो. मासिक तर वाचून होतें. पुढें काय वाचावें? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें उत्तर देणें सोपें नाहीं. नुसती यादी छापून देणें हें काम कोणीहि पुस्तकविक्रेता करील. परंतु शेतकऱ्याचा वेळ मोजका असतो. भाताची रोपलागण आटोपून पावसाची झड बसली म्हणजे, किंवा आडसाली ऊस लावून थोडी मोकळीक मिळाली म्हणजे, जे चार आठवडे त्याच्या हातीं येतात, त्यांत एक पुस्तक पुरें होतें. दोन होणें कठीण. तेव्हां जें एक वाचावयाचें, तें त्याच्या जमिनीस आणि संसारास उपयोगीं पडणारें असावें, हें उघड आहे.

माझ्या मतें प्रश्नच थोडा फिरवून विचारला पाहिजे. चांगलें पुस्तक कोणतें, असें न विचारतां, आज मला अडचण कोणती आहे, असें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. वैद्य जसा नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं, तसें पुस्तकहि अडचण जाणल्यावांचून सुचवूं नये. शेतकऱ्याच्या अडचणी मुख्यतः चार प्रकारच्या दिसतात: जमिनीची, भावाची, कागदाची आणि घराची. त्याच क्रमानें कांहीं पुस्तकें येथें सुचवितों.

जमिनीची अडचण

आपल्या जिल्ह्यांत नदीकांठीं ऊस हेंच मुख्य पीक होऊन बसलें आहे. पाणी आहे, खताचें पोतें दाराशीं आहे, आणि तरीहि उतारा वाढत नाहीं, अशी अनेकांची तक्रार असते. शिरोळ तालुक्यांत तर अतिपाण्यानें व निचऱ्याच्या अभावीं जमिनीचे मोठाले पट्टे क्षारपड झाले. ज्यास ही चिंता आहे, त्यानें प्रथम श्री. अ. दाभोलकर यांचें ‘विपुलाच सृष्टी’ हें पुस्तक घ्यावें. दाभोलकर हे गणिताचे शिक्षक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठांत ते शिकवीत असत. १९६६ च्या सुमारास त्यांनीं ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. त्यांत पदवीधर आणि अल्पशिक्षित असा भेद नव्हता. ज्यानें आपल्या रानांत कांहीं करून पाहिलें, त्यानें तें दुसऱ्यास कळवावें आणि दुसऱ्याचें आपण करून पाहावें, हीच त्याची रीति. महाराष्ट्रांतील द्राक्षबागाइतदारांस या परिवाराचा मोठा उपयोग झाला. त्यांच्या विचाराचा गाभा असा कीं, पीक म्हणजे पानांनीं साठविलेला सूर्यप्रकाश होय. तेव्हां एकर किती आहेत, यापेक्षां पान किती आहे व तें किती दिवस उन्हांत कामास लागलें, याचा हिशेब शेतकऱ्यानें ठेवावा. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह व्हावा, हा त्यांचा विचार कोणास धाडसाचा वाटेल. परंतु एकराऐवजीं गुंठ्याच्या मापानें विचार करण्याची संवय लागली, तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली असें समजावें.

त्यानंतर जपानचे मासानोबु फुकुओका यांचें ‘एका काडातून क्रांती’ वाचावें. मूळ ग्रंथ १९७५ सालीं जपानी भाषेंत निघाला. नांगरट नको, रासायनिक अथवा तयार केलेलें खत नको, खुरपणी किंवा तणनाशक नको, विषारी औषधांवर भिस्त नको, हे त्यांचे चार नियम. पिकाचें काड परत रानांतच पसरावें, यावर त्यांचा सर्व भर आहे. येथें एक सूचना द्यावीशी वाटते. फुकुओकांचें रान भाताचें व जवाचें, हवा शिकोकु बेटाची. तें सर्व जसेंच्या तसें आपल्या काळ्या रानांत उतरेल, अशी आशा धरून कोणी पहिल्याच वर्षीं नांगर मोडून टाकूं नये. मात्र ज्यानें हें पुस्तक मनापासून वाचलें, तो तोडणीनंतर उसाचें पाचट पेटवितांना दोनदां विचार करील. आपणांकडील अनुभव पाहावयाचा असेल, तर कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांचें विनानांगरणी शेतीवरील लेखन त्यापुढें वाचावें. त्यांनीं स्वतः शेती करून लिहिलें आहे, हा त्याचा मोठा गुण.

भावाची अडचण

ज्याचें रान चांगलें पिकतें, पण पट्टी हातीं आल्यावर कर्ज जसेंच्या तसें राहतें, त्याची अडचण वेगळी. त्यास खतावरील पुस्तक देऊन काय उपयोग? त्यानें शरद जोशी वाचावे. जोशी हे स्वित्झर्लंडमध्यें जागतिक टपाल संघाच्या नोकरीवर होते. ती सोडून ते स्वदेशीं आले आणि चाकणजवळ आंबेठाण येथें कोरडवाहू जमीन घेऊन शेती करूं लागले. १९७९ सालीं शेतकरी संघटना उभी राहिली आणि पुढच्याच वर्षीं कांदा व ऊस यांच्या भावासाठीं नाशिक जिल्ह्यांत मोठें आंदोलन झालें. ‘अंगारमळा’ हें त्यांचें पुस्तक प्रथम वाचावें. तें आठवणींचें असल्यामुळें सहज वाचवतें. मग ‘शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती’ हातीं घ्यावें. शेतमालाचा भाव उत्पादनखर्चाच्या खालीं राहतो तो दैवानें नव्हे, तर धोरणानें, असें त्यांचें म्हणणें आहे. तें सर्वांस मान्य होईलच असें नाहीं. तथापि तें पटो वा न पटो, वाचकानें एक गोष्ट अवश्य करावी. आपल्या एका एकराचा खर्च, घरच्या माणसांची मजुरी धरून, एका वहींत लिहून काढावा. पुष्कळांनीं हा आंकडा जन्मांत एकदांहि मांडलेला नसतो. आणि ज्यास आपला खर्च ठाऊक नाहीं, त्याला भावाविषयीं कोणाशीं बोलणार?

कागदाची अडचण

महसूल खात्याच्या कारकुनींत माझें आयुष्य गेलें, म्हणून या भागीं थोडें अधिक लिहिल्यास वाचकांनीं राग मानूं नये. पावसानें बुडालेला शेतकरी पुढच्या सालीं सांवरतो. कागदानें बुडालेला मात्र दोन पिढ्या वर येत नाहीं. वडील वारले, वारसाची नोंद राहिली. भाऊ वेगळे झाले, वांटणी तोंडीच राहिली. मग पुढें मुलांनीं कोर्टाची पायरी चढावी आणि दाव्यापायीं जमिनीचा तुकडा विकावा, हें किती घरीं घडलें याची गणती नाहीं. म्हणून ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ हें पुस्तक मराठींत मिळतें, तें गांवांत निदान एक तरी असावें. तें समग्र वाचण्याची गरज नाहीं. दहावें प्रकरण, म्हणजे अधिकार अभिलेखाचें, तेवढें वाचावें. कलम १४९ सांगतें कीं, जमिनींत हक्क मिळाला म्हणजे तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळवावें. कलम १५० फेरफाराचें आहे. त्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत हरकत घेतां येते. हरकत तोंडी घेतली तरी चालते, आणि तिची लेखी पोच मागण्याचा आपणांस हक्क आहे. एवढीं दोन पानें वेळेवर वाचलीं असतीं, तर पुष्कळ दावे उभेच राहिले नसते.

हें रुक्ष वाचन झाल्यावर त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ घ्यावा. १९१५ सालीं निघालेला हा ग्रंथ महसूल खात्यांत नोकरी केलेल्या गृहस्थानें लिहिला आहे. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते आणि कुणबी यांचें परस्परांशीं देणेंघेणें कसें चाले, आणि सरतेशेवटीं सर्वांचा भार कुणब्याच्या पाठीवर कसा येई, याचें इतकें बारीक वर्णन दुसरीकडे क्वचितच सांपडेल. मात्र फिरस्त्या जातींविषयीं त्यांत जें कठोर लिहिलें आहे, तें त्या काळच्या सरकारी नजरेचें आहे. ज्या कायद्यानें कांहीं जाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या, तो १९५२ सालीं रद्द झाला. हें ध्यानांत ठेवून तो भाग वाचावा.

‘गांव-गाडा’ वाचून ज्याचें कुतूहल वाढेल, त्यानें मागें जाऊन जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचावा. हा १८८३ सालीं लिहिलेला ग्रंथ आहे. त्यांत भटाभिक्षुकांबरोबर सरकारी कामगारांवरहि कोरडे ओढले आहेत. माझ्यासारख्या कारकुनास तीं पानें झोंबतात. पण झोंबतात म्हणूनच तीं वाचण्यासारखीं आहेत. शिवाय हा ग्रंथ केवळ तक्रारीचा नव्हे. पावसाचें पाणी शेतांत मुरावें म्हणून जागोजागीं ताली-बंधारे घालावे, प्रदर्शनें भरवून पिकाची आणि औत हांकण्याची परीक्षा घ्यावी व बक्षिसें द्यावीं, अशा सूचना त्यांत केल्या आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानें ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ प्रसिद्ध केलें आहे, त्यांत हा ग्रंथ मिळेल.

घराची अडचण

चौथी अडचण कोणी उघड बोलत नाहीं. मुलगा शिकला, त्याचें रानांत मन लागत नाहीं. बाप म्हणतो, जमीन कोण करणार? अशा घरीं उपदेशाचें पुस्तक निरुपयोगी. तेथें कादंबरीच कामास येते. कागलचे आनंद यादव यांची ‘झोंबी’ १९८७ सालीं निघाली व तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. शिकूं पाहणारा मुलगा आणि त्यास रानांत जुंपूं पाहणारा बाप यांची ती हकीकत आहे, आणि ती लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यांतील आहे. ती बापानें वाचावी आणि मुलानेंहि वाचावी. मात्र वाचतांना आपली बाजू सोडून दुसऱ्याची धरावी. त्याच लेखकाची ‘गोतावळा’ लहान आहे. मालकाच्या रानांत गुराढोरांच्या संगतींत राहणारा नारबा आणि तेथें आलेला ट्रॅक्टर, एवढाच तिचा विषय. यंत्रानें काय मिळालें हें आपण सर्व जाणतों. काय गेलें, तें ही कादंबरी सांगते.

विदर्भांतील शेतकऱ्याच्या घराची स्थिति समजून घ्यावयाची असेल, तर सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ वाचावी. आपल्याकडे पाणी आहे म्हणून आपण निराळे, हा भ्रम त्यानें दूर होईल. धरणांत जमीन गेलेल्यांनीं, आणि त्याहूनहि त्या धरणाचें पाणी घेणाऱ्यांनीं, विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ वाचावी. आणि दिवसभराच्या श्रमानंतर कोणास हंसावेंसें वाटलें, तर पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांच्या कथा आहेतच. हंसणें हीहि शेतकऱ्याची गरज आहे.

पुस्तकाची पारख आणि वाचण्याची रीति

येथें न आलेलीं चांगलीं पुस्तकें पुष्कळ आहेत. तीं निवडतांना, आणि विशेषतः मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितींवर विश्वास ठेवतांना, चार गोष्टी पाहाव्या. सांगणाऱ्यानें आपली जमीन कोणती व पाऊस किती हें सांगितलें आहे काय? खर्च दिला आहे काय? कोणता प्रयोग फसला हें लिहिलें आहे काय? आणि शेवटीं तो कांहीं विकत तर नाहीं ना? ज्यांत फसलेला प्रयोग एकहि नाहीं, तें पुस्तक नव्हे, जाहिरात होय. जें पटेल, तेंहि प्रथम दोन गुंठ्यांतच करून पाहावें.

पुस्तकें विकतच घेतलीं पाहिजेत असें नाहीं. कोल्हापुरांतील करवीर नगर वाचन मंदिर हें १८५० सालापासूनचें आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानें गांवोगांवच्या वाचनालयांस अनुदान मिळण्याची सोय झाली. त्यांच्या चालकांकडे शेतकऱ्यानें पुस्तकाचें नांव लिहून मागणी करावी. मागणीच नसेल, तर कपाटांत शेतीचें पुस्तक येणार कोठून?

आपल्याकडे श्रावणांत देवळांत पोथी लागते. एक वाचतो, एक अर्थ सांगतो, आणि सारी आळी ऐकते. ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ निरक्षरांच्याहि घरीं पोंचले ते या रीतीनें. तीच रीति या पुस्तकांस लावावी. गांवांत एक प्रत घ्यावी, आठवड्यांतून एक दिवस सोसायटीच्या ओट्यावर बसून एक प्रकरण वाचावें, आणि ज्याच्या रानांत त्याचा अनुभव असेल त्यानें तो सांगावा.

वाचक-बंधूंस शेवटीं एवढीच विनंती आहे कीं, ज्या पुस्तकानें आपली एखादी अडचण सुटली, त्याचें नांव आणि ती अडचण, अशा दोन ओळी मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवाव्या. बियाणें चांगलें निघालें तर आपण शेजाऱ्यास पायलीभर देतों. पुस्तक तर दिल्यानें पायलीभरहि कमी होत नाहीं.