मुक्काम टायटॅनिया

चंद्रपूरचे एक वाचक विचारतात, ‘धुरातली नायट्रोजन ऑक्साइडं अमोनियानं निकामी करणाऱ्या उत्प्रेरकाच्या ठोकळ्यात व्हॅनेडियम जेमतेम एक-दोन टक्के, मग बाकीचा माल कशाला? नुसती भरताड?’ प्रश्न इतका आवडला की या आठवड्याला कबूल केलेला मँगनीजवरचा लेख सरळ पुढं ढकलतो आहे.

भरताड मुळीच नाही. बाकीच्यात बहुतांश टायटॅनिया, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि जोडीला थोडं टंगस्टन. माझं विचाराल तर या साऱ्या प्रकरणात खरी करामत टायटॅनियाचीच. व्हॅनेडियम उगाच भाव खाऊन जातं.

अमेरिकेत एंगेलहार्ड कंपनीनं १९५७ साली अमोनियानं नायट्रोजन ऑक्साइडं मोडण्याच्या या क्रियेचं पेटंट घेतलं, तेव्हा भर प्लॅटिनमवर होता. प्लॅटिनम भलतं उतावीळ. तापमान जरा चढलं की नायट्रिक ऑक्साइड राहतो बाजूला आणि ते अमोनियाच जाळत बसतं. जपाननं १९७३ मध्ये हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडसाठी दैनिक सरासरी ०.०२ पीपीएम इतकी कडक मर्यादा घातली, आणि तिथल्या कारखान्यांना स्वस्त, टिकाऊ उत्प्रेरक शोधणं भाग पडलं. व्हॅनेडियम पुढं आलं. पण ते बसवायचं कशावर? उत्प्रेरकवाल्यांचा हात सवयीनं अ‍ॅल्युमिनाकडे जातो. धुरात गंधक नसतं तर तेही चाललं असतं. तेल आणि कोळशाच्या धुरातला सल्फर ट्रायऑक्साइड मात्र अ‍ॅल्युमिनाचं हळूहळू अ‍ॅल्युमिनियम सल्फेट करून टाकतो. छिद्रं बुजतात, आतला पृष्ठभाग वाया जातो.

टायटॅनियावर सल्फेट बसतं ते वरच्या वर. आतवर पोखरत नाही. शिवाय त्यानं पृष्ठभागाची आम्लता वाढते, आणि या क्रियेत अमोनियाला टेकायला आम्लस्थानंच लागतात! म्हणजे गंधकाचा इथं चक्क फायदा. त्यातून व्हॅनेडियम टायटॅनियावर ढेकळं न धरता रेणूभर जाडीच्या थरात पसरतं, म्हणून एवढ्याशा मालात भागतं.

टायटॅनियाही कुठला तरी चालत नाही. हवा तो त्याच्या स्फटिकरूपांपैकी अ‍ॅनाटेज. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत जे इल्मेनाइट आहे, मुख्यतः त्याच खनिजापासून जगभर टायटॅनिया काढतात. पण रंगाच्या डब्यात जाणारी पूड इथं कुचकामी. रंगाला झाकणारे जाड कण लागतात, उत्प्रेरकाला अतिशय बारीक, ग्रॅमला ऐंशी-शंभर चौरस मीटर पृष्ठभाग देणारे. असं बारीक अ‍ॅनाटेज फार तापलं की रूटाइल हे दुसरं स्फटिकरूप होऊन बसतं आणि पृष्ठभाग कोसळतो. व्हॅनेडियम जास्त असेल तर हे आणखी लवकर घडतं. टंगस्टन ते रोखतं, वर आम्लता वाढवतं ते वेगळंच.

आता कुणी म्हणेल, मग व्हॅनेडियम वाढवून काम वेगानं का उरकू नये? गंधकाम्लाच्या कारखान्यात सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करायला काय वापरतात, आठवा. हेच व्हॅनेडियम पेंटॉक्साइड! धुराच्या वाटेवर तोच उद्योग नको असतो. तयार झालेला ट्रायऑक्साइड उरलेल्या अमोनियाला भेटला की अमोनियम बायसल्फेट होतं. ते चिकट असतं; पुढच्या एअर प्रीहीटरच्या थंड पत्र्यांवर राखेसकट जमतं आणि वाट अडवतं. म्हणून गंधक जास्त असलेल्या कोळशाला व्हॅनेडियम आणखी कमी ठेवतात.

बायसल्फेटचा त्रास खुद्द ठोकळ्यातही होतो. जर्मनीत वारा आणि ऊन भरपूर असलं की कोळशाच्या संचांना भार उतरवावा लागतो. भार उतरला की धूर थंडावतो, आणि तो साधारण ३०० अंशांच्या खाली जायला लागला की बायसल्फेट छिद्रांतच साचू लागतं. मग अमोनिया बंद करायचा, नाहीतर बॉयलरमधला गरम धूर आडवाटेनं आणून ठोकळे ऊबदार ठेवायचे. दुसऱ्या उपायात थोडा कोळसा फुकट जातो, तरी चालक तोच पसंत करतात, कारण अमोनिया बंद केला की नायट्रोजन ऑक्साइडं जशीच्या तशी चिमणीतून बाहेर पडतात.