रुसव्यातून जन्मलेला शब्द

ब्रुसेल्सच्या वेधशाळेचा प्रमुख अॅडॉल्फ केतले याने १८३५ साली ताऱ्यांवर नव्हे, तर माणसांवर ग्रंथ लिहिला. जन्म, मृत्यू, लग्ने, गुन्हे यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून त्याने एक चक्रावणारी गोष्ट दाखवली. फ्रान्समध्ये दरवर्षी होणाऱ्या गुन्ह्यांची संख्या जवळपास तेवढीच राहते. गुन्हेगार दरवर्षी वेगळे असतात, आकडा मात्र फारसा हलत नाही. या अभ्यासाला त्याने ‘सामाजिक भौतिकी’ म्हटले.

पॅरिसमध्ये तत्त्वज्ञ ऑग्यूस्त काँत संतापला. हे नाव तो स्वतः १८२०च्या दशकापासून वापरत होता. गणित, खगोलशास्त्र, भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र अशी शास्त्रांची उतरंड त्याने रचली होती आणि तिच्या माथ्यावर त्याला समाजाचे शास्त्र बसवायचे होते. समाज टिकतो कसा आणि बदलतो कसा, याचे नियम ते शास्त्र सांगणार होते. त्यासाठी निवडलेले नाव एका बेल्जियन माणसाने नुसत्या आकडेमोडीला लावावे, हे त्याला सहन होईना. संभाव्यतेचे गणित समाजाला लावणे हाच मुळात खुळेपणा, असे त्याचे मत होते. म्हणून त्याने नाव सोडून दिले आणि दुसरे घडवले. आपल्या सहा खंडांच्या ग्रंथातल्या १८३९ साली निघालेल्या चौथ्या खंडात, एका तळटीपेत, त्याने हा नवा शब्द वाचकांपुढे ठेवला: सोसिओलोजी. इंग्रजीत त्याचे सोशिऑलॉजी झाले, आपल्याकडे समाजशास्त्र.

शब्दाचे दोन तुकडे दोन भाषांतून आले. लॅटिन ‘सोसिअस’ म्हणजे सोबती, साथीदार. रोमशी तह केलेल्या इटलीतल्या नगरांनाही हाच शब्द लावत. ग्रीक ‘लोगोस’ म्हणजे बोलणे, विचार, विवेचन. लॅटिन धड आणि ग्रीक शेपूट हे व्याकरणाच्या जाणकारांना खटकले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिललाही तो शब्द ओबडधोबड वाटला, पण सोयीचा म्हणून त्याने तो उचललाच. ‘जिल्हाधिकारी’ या शब्दात अरबी जिल्हा आणि संस्कृत अधिकारी एकत्र नांदतात, तरी आपले काही अडत नाही. तसेच इथे झाले.

गंमत अशी, की काँतच्या जन्माआधीच हा शब्द एकाने कागदावर उतरवला होता. फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला धर्मगुरू सिएस याच्या हस्तलिखितांत तो सापडतो. पण ते कागद तेव्हा छापले गेले नाहीत. त्यामुळे शब्दाचे जनकत्व काँतकडेच राहिले.

शब्द मिळाला, तरी त्यात काय भरायचे ते ठरायचे होते. इंग्लंडमध्ये विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरने त्याला उत्क्रांतीचा अर्थ दिला आणि तो लोकप्रिय केला. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली लंडनमध्ये स्वातंत्र्यासाठी मासिक काढले, तेव्हा स्पेन्सरच्या प्रभावाखाली त्याचे नाव ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ ठेवले. म्हणजे भारतीयांच्या हाती हा शब्द विद्यापीठाआधी राजकारणातून आला.

आज आपण जो अर्थ घेतो त्याचा पाया घातला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेमने. १८९७ साली त्याने आत्महत्येवर पुस्तक लिहिले. याहून खासगी कृती कोणती असणार? पण द्यूरकेमने विचारले ते एका माणसाबद्दल नव्हे, तर दराबद्दल. प्रोटेस्टंटांमध्ये हा दर कॅथलिकांपेक्षा जास्त का? अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त का? युद्धाच्या काळात तो खाली का येतो? माणूस आपल्या माणसांशी किती घट्ट बांधलेला आहे, यावर तो अवलंबून असतो, असे त्याचे उत्तर होते. या पुस्तकासाठी त्याचा भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६,००० आत्महत्यांच्या नोंदी वर्गवार लावून दिल्या होत्या. आकड्यांच्या सरासरीतून उभ्या केलेल्या ‘सरासरी माणसा’ची केतलेची कल्पना द्यूरकेमला पटत नव्हती. पण काँतने ज्या आकडेमोडीपासून आपले शास्त्र वाचवायला नवा शब्द घडवला, तीच आता त्या शब्दाच्या पोटात शिरली. शब्द काँतचा राहिला, काम त्याच्या मनाविरुद्धचे झाले.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार होते. १९२४ साली ही धुरा मालवणात जन्मलेल्या, मूळचे संस्कृतचे विद्यार्थी असलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. वसाहतीच्या काळातले अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकांची मोजमापे घेऊन सांगितले होते, की नाक जितके रुंद तितकी जात खालची, म्हणजे जात हा वंशाचाच प्रकार. घुर्ये यांनी १९३२ सालच्या पुस्तकात मोजमापांचीच छाननी केली आणि हे सूत्र उत्तरेतल्या एका पट्ट्यापलीकडे टिकत नसल्याचे दाखवले. आकड्यांनी उभा केलेला दावा आकड्यांनीच पाडला. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून देशभर हिंडून नातेसंबंधांचा अभ्यास केला.

समाजशास्त्र शिकतो म्हटले की आपल्याकडे अजून पुष्कळांना समाजकार्य आठवते. ती दोन कामे वेगळी आहेत. समाजकार्य अडलेल्याला हात देते. समाजशास्त्र विचारते, की इतकी माणसे एकाच जागी का अडतात. पोटजातीबाहेर लग्न नको, मुलीने इतकेच शिकावे, अमक्या वस्तीतली मुले शाळा सोडतातच, असे काही कुणी ठामपणे सांगितले आणि वर ‘हे असंच असतं’ म्हटले, की किती जणांत, कुठे आणि कधीपासून, असे विचारावे. समाजशास्त्राचे काम तिथूनच सुरू होते.